टर्फ उचललं आणि खाली मुरूम निघाला

जुळे सोलापुरात माझं छोटं पाळणाघर आहे. रोज अकरा-बारा मुलं असतात. घरापुढचं अंगण ६०० चौरस फुटांचं, काळ्या मातीचं. उन्हाळ्यात त्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात मुलांच्या चपलांना चिकटून अर्धं अंगण घरात येतं. म्हणून गेल्या मे महिन्यात तिथं टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं कृत्रिम गवत, घालून घेतलं. ज्याच्याकडून घेतलं त्यानं मला फसवलं. ते कसं, हे सविस्तर लिहितेय, कारण आमच्याच भागात त्याची कामं अजून चालू आहेत.

माझे सासरे मंगळवेढ्याचे. कामाच्या आधीच ते म्हणाले होते, "पोरी, आपल्या रानात बिनपाण्याची ज्वारी कशी येती? माती वल धरून ठेवती म्हणून. हितली मातीबी तसलीच हाय. वर गवत घातलं तरी खालचं पाणी जायाचं कुठं?" मी हा प्रश्न त्या माणसाला जसाच्या तसा विचारला. तो म्हणाला, "ताई, त्यासाठीच तर ड्रेनेज करून देतो. सहा इंच खडी, खाली कापड, छिद्रांचा पाईप, सगळं." नुसत्या टर्फचा दर चौरस फुटाला ६० रुपये, ड्रेनेजसह १३०. म्हणजे ७८ हजारांतले ४२ हजार निव्वळ जमिनीखालच्या कामाचे. मुलांच्या पायाखालची गोष्ट आहे म्हणून मी घासाघीस केली नाही. कोटेशनच्या कागदावर मात्र एकच ओळ होती, 'टर्फ व ड्रेनेज'. खडी किती, पाईप किती फूट, काही नाही.

माती उकरायच्या दिवशीच मला पंढरपूरला माहेरी जावं लागलं, दोन दिवस. त्यानं व्हॉट्सॲपवर चार फोटो पाठवले: खडी पसरलेली, पांढरं कापड, चरात पाईप. मी परत आले तेव्हा हिरवंगार टर्फ अंथरून झालं होतं. कंपाउंडच्या भिंतीतून गटारीकडे पाईपचं तोंड निघालेलं दिसत होतं. मी उरलेले पैसे देऊन टाकले.

जून-जुलैच्या सरींत काही कळलं नाही. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरचा. एका रात्री तो पडला आणि सकाळी मुलं टर्फवर गेली तर पावलागणिक पाणी वर येत होतं. तिसऱ्या दिवशी कुबट वास सुटला, मग डास झाले. आठवडाभर मुलांना आतल्या खोलीत कोंडून ठेवावं लागलं. मला सगळ्यात खटकलं ते भिंतीतलं पाईपचं तोंड. आत अंगण तुडुंब आणि त्यातून एक थेंब बाहेर येत नव्हता.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, चार दिवसांत मुरेल. नंतर म्हणाला, "काळी माती आहे ताई, असं होणारच." ज्या मातीसाठी माझ्याकडून ४२ हजार घेतले, तीच माती कारण म्हणून मला सांगत होता! त्यानंतर फोन उचलणं बंद.

शेवटी ओळखीच्या गवंड्याला बोलावून कोपऱ्यातून टर्फ उचललं. खाली दीड इंच मुरूम आणि लगेच काळी माती. खडी नाही, कापड नाही. भिंतीतला पाईप ओढला तर हातात आला: दोन फुटांचा तुकडा, आतलं तोंड मातीत रुतलेलं. मग मी ते चार फोटो मोठे करून पाहिले. त्यातली भिंत लाल विटांची आहे. आमचं कंपाउंड सिमेंटच्या ब्लॉकचं आहे.

शेजारच्या काकूंनी सांगितलं की मुरमाचा एक छोटा टेम्पो तेवढा आला होता. हा हिशोब मला आधी माहीत असता तर तिथंच कळलं असतं. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. ६०० चौरस फुटांवर अर्धा फूट खडी म्हणजे ३ ब्रास. एवढा माल छोट्या टेम्पोच्या एका खेपेत येतच नाही.

गवंड्यानं आणखी एक गोष्ट दाखवली. ८०० चौरस फुटांच्या गच्चीचं पाणी उतरणारा पाईप सरळ अंगणात सुटत होता. एक इंच पाऊस पडला तर अंगणावर साधारण १४०० लिटर आणि गच्चीवरून आणखी १९०० लिटर पाणी येतं, म्हणजे हजार लिटरच्या तीन टाक्या भरून वर उरेल इतकं. ड्रेनेजचं काम खरंच करणारा माणूस आधी वर गच्चीकडे बघतो. यानं एकदाही मान वर केली नव्हती.

दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा मी स्टूल टाकून तिथंच बसले. सहा इंच माती काढली, धुम्मस केलं म्हणजे खालची जमीन ठोकून घट्ट केली, कापड अंथरलं. हे कापड नसेल तर ओली काळी माती खडीत वर येते आणि खडी खाली बसते. त्यावर चार इंच खडी, वर बारीक कच. छिद्रांचा पाईप ३० फूट लांब आणि तेवढ्यात साडेतीन इंच ढाळ, लेव्हल पाईप लावून मोजलेला. गच्चीचं पाणी वेगळ्या पाईपनं बाहेर काढलं. टर्फ घालायच्या आधी खडीवर दोन बॅरल पाणी ओतलं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, जीव कळवळतो, तरीही तेवढं पाणी ओताच. गटारीकडच्या तोंडातून धार आलेली डोळ्यांनी पाहिली आणि मगच गवंड्याचा शेवटचा हप्ता दिला. टर्फ जुनंच वापरलं, ते चांगलं होतं. उन्हाळ्यात दुपारी ते इतकं तापतं की अनवाणी पाय ठेववत नाही, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. आता वर शेडनेट बांधली आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारून घेता येतं. माझ्याकडे पक्कं बिल नाही, ही माझी अडचण आहे. पण पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद आहे, लाल विटांचे फोटो आहेत आणि तो दोन फुटांचा पाईप धुऊन, पिशवीत बांधून माळ्यावर ठेवला आहे.