जुन्या सेस्ना १७२ साठी छत्री-व्हॉल्व्हचं टाकीचं झाकण: घ्यावं, पण आधी व्हेंट तपासून

इंधनाचा सिलेक्टर 'बोथ'वर, म्हणजे दोन्ही पंखांतल्या टाक्यांतून इंधन घेण्यावर, असूनही डावी टाकी भराभर उतरते आणि उजवी भरलेलीच राहते, ही जुन्या सेस्ना १७२ या छोट्या विमानाची नेहमीची तक्रार. त्यावर अनेक जण सिलिकॉनच्या छत्री-व्हॉल्व्हचं (छत्रीसारखी, हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप असलेलं) नवं झाकण बसवतात. झाकण खरंच चांगलं आहे, फक्त ते एकाच दोषावरचा इलाज आहे.

पंखाच्या वर हवेचा दाब कमी असतो. उजव्या झाकणाचं रबर कडक होऊन भेगाळलं की ती ओढ थेट टाकीत शिरते आणि पेट्रोल खाली उतरेनासं होतं. झाकणामागे पंखावर निळसर ओघळ दिसला तर गळती तिथेच आहे. इथे इंधन नुसत्या उतारावर वाहतं, त्यामुळे जरासा फरकही पुरतो. ९० नॉट वेगाला समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब जेमतेम १८ सेंटिमीटर पेट्रोलच्या उंचीइतका असतो. त्याचा दहावा हिस्सा एका टाकीत कमी पडला तरी पातळ्यांत जवळपास २ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि पसरट टाकीत तेवढ्यात बरेच लिटर मावतात.

नव्या झाकणाचं गॅस्केट सगळीकडून सारखं टेकतं. व्हॉल्व्ह हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. छत्रीची कड बोटाने उचलून सोडावी, ती लगेच सपाट बसली पाहिजे. कडेखाली धूळ अडकली की मात्र हेही झाकण जुन्यासारखंच गळतं.

डाव्या पंखाखाली, स्ट्रटच्या (पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच्या) मागे असलेली व्हेंटची, म्हणजे टाकीत हवा जाण्याची नळी वाकली असेल तर झाकण बदलून काही होणार नाही. नळीला स्वच्छ रबरी नळी लावून हलकेच फुंकावं. हवा गेली तर मार्ग मोकळा. लगेच रबरी नळीचं टोक पाण्यात धरावं, सलग बुडबुडे आले तर व्हेंट-व्हॉल्व्हचं बारीक भोक उघडं आहे. पुन्हा फुंकून उजवं झाकण सैल करावं. फुस्स आवाज आला नाही तर दोन टाक्यांना जोडणारी नळी तुंबली आहे. व्हेंटच्या नळीची जागा मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून परवानाधारक इंजिनिअरकडूनच सरळ करून घ्यावी. नजरेच्या अंदाजाने वाकवू नये.

हे सगळं ठीक असेल तर उड्डाणात घसरण दाखवणाऱ्या उपकरणातला चेंडू मधोमध ठेवून पातळ्या पाहाव्यात. विमान एका बाजूला घसरत असेल तर निर्दोष टाक्याही असमान उतरतात. जोडी घेताना दोन्ही झाकणं एकाच वेळी बदलावीत, एका बाजूला जुनं रबर ठेवलं तर तक्रार नुसती बाजू बदलते.