आईच्या फोनवरचे नकोसे कॉल आणि मेसेज: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांगलीला एकटी राहणाऱ्या माझ्या आईच्या फोनवर दिवसाला दहा-बारा नकोसे कॉल येत असत; कुणाला कर्ज द्यायचे असे, कुणाला क्रेडिट कार्ड, तर कुणाला प्लॉट विकायचा असे. दुपारी जरा डोळा लागला की फोन वाजे आणि मुलांचाच असेल म्हणून ती प्रत्येक कॉल उचलत असे. सुरुवातीला मी एकेक नंबर ब्लॉक करत गेले. महिन्याभरात ती यादी साठच्या वर गेली, पण उपयोग शून्य, कारण कॉल करणारे रोज नवा नंबर वापरतात.

खरा फरक पडला तो १९०९ मुळे, म्हणजे नकोशा जाहिराती बंद करण्यासाठी असलेल्या क्रमांकामुळे. आईच्या फोनवरून इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट ०' असा मेसेज या क्रमांकावर पाठवून सर्व प्रकारच्या जाहिराती बंद करण्याची नोंद केली. काही दिवसांनी १४० ने सुरू होणारे जाहिरातींचे कॉल जवळजवळ थांबले आणि पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी 'पी' हे अक्षर असलेले जाहिरातींचे मेसेजही थांबले. बँकेचे ओटीपी मात्र पूर्वीसारखेच येतात, कारण व्यवहाराचे मेसेज या बंदीत येत नाहीत. आई नेमकी याच भीतीने नोंद करू देत नव्हती, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

साध्या दहा अंकी मोबाइलवरून येणारे कॉल मात्र या नोंदीने थांबत नाहीत, कारण ते नोंदणी न करता जाहिराती करणाऱ्यांचे असतात. त्यांच्याविरुद्ध तक्रार हाच उपाय आहे. आईने फोनशेजारी एक वही ठेवली आहे. नंबर, वेळ आणि 'कर्ज', 'प्लॉट' असा एक शब्द ती लिहून ठेवते आणि रविवारी आम्ही दोघी मिळून ट्रायच्या (दूरसंचार नियामक संस्थेच्या) डीएनडी अॅपमधून तक्रारी नोंदवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने बदललेल्या नियमांनुसार तक्रारीची मुदत ३ दिवसांवरून ७ दिवस झाली आहे, त्यामुळे आठवड्याचे काम एका बैठकीत होते. दहा दिवसांत पाच जणांची तक्रार आली तरी त्या नंबरवर कारवाई सुरू होऊ शकते, म्हणून आपली एक तक्रारही वाया जात नाही, असे मला मनापासून वाटते. काही तक्रारी 'ग्राहकाची संमती होती' असे सांगून बंद करण्यात आल्या, याचा मला आजही राग आहे. आईने एका दुकानातल्या सोडतीच्या चिठ्ठीवर नंबर लिहिला होता, एवढीच ती काय संमती!

माझ्या हातून एक मोठी चूक झाली. वैतागून मी आईच्या फोनमधली कॉल वाजू न देणारी 'डू नॉट डिस्टर्ब' ही सेटिंग कायमची चालू केली आणि फक्त साठवलेल्या नंबरांना परवानगी दिली. चौथ्या दिवशी आईचा रक्ततपासणीचा अहवाल सांगण्यासाठी प्रयोगशाळेतून तीनदा फोन आला, आणि तिन्ही वेळा तो वाजलाच नाही. "अगं, फोन तर हातातच होता माझ्या," असे ती म्हणाली, तेव्हा माझ्या पोटात कालवले. ती सेटिंग त्याच संध्याकाळी काढली. ब्लॉकच्या यादीतील 'अनोळखी' हा पर्याय वेगळा असतो; अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये तो केवळ नंबर लपवून केलेले कॉल अडवतो, न साठवलेले सगळे नंबर नव्हे. तो आम्ही निर्धास्तपणे चालू ठेवला आहे.

मेसेज अॅपमधले स्पॅम फोल्डर मी आठवड्यातून एकदा स्वतः उघडून पाहते, कारण एकदा गॅस सिलिंडरच्या नोंदणीचा मेसेज तिथे जाऊन पडला होता. पोलीस किंवा बँक अधिकारी असल्याचे सांगून धमकावणारे कॉल आले तर त्यांची माहिती सरकारच्या संचार साथी या पोर्टलवरील 'चक्षू' सुविधेत देता येते. पैसे गेले असतील तर मात्र वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरच फोन करावा. हे दोन्ही आईच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.

आता आठवड्याला दोन-तीन नकोसे कॉल येतात. गेल्या रविवारी वहीत एकच नंबर होता आणि त्याची तक्रार आईने चष्मा लावून, माझ्या मदतीशिवाय, स्वतः नोंदवली.