पद्मिनीला कॅम कोणता, मूळ मापाचा की तेज?

साताऱ्याच्या भाच्याने विचारलं, "मामा, १०८९ सीसी पद्मिनी गाडीचा कॅम, इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, झिजलाय. मूळ मापाचाच टाकू की जास्त ड्युरेशनचा?"

आधी गाडीची ओढ बघ. यवतेश्वरचा घाट चढताना ताकद कमी आरपीएमला लागते, ती मूळ कॅम देतो. तेज, म्हणजे जास्त ड्युरेशनच्या, कॅममध्ये व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात, म्हणून ताकद वरच्या आरपीएमला सरकते आणि पोवई नाक्यावर उभी गाडी थरथरत राहते.

तेज घेतला तर खर्चही एकट्या कॅमचा नाही. कार्बोरेटरचे जेट, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग, टायमिंग, सगळं मागोमाग येतं. कडक स्प्रिंगने लोब, म्हणजे कॅमवरचा उंचवटा, लवकर झिजतो. टॅपेट, म्हणजे लोबवर टेकणारे तुकडे, मात्र दोन्हींत नवेच घाल. जुन्याचा खड्डा पडलेला तळ नव्या लोबला खातो.

रोजची गाडी, घाट, घरची माणसं असतील तर मूळ मापाचाच. मोकळ्या हायवेवर पळवायची हौस आणि ट्यूनिंगला सवड असेल, तरच तेज.