कुत्र्यासाठी लघवीच्या स्ट्रिप्स: दहापैकी किती चौकोन कामाचे?

कुत्रा फार पाणी प्यायला आणि घरात लघवी करायला लागला, की मेडिकलमधून माणसांसाठीच्या, लघवीत बुडवून रंग बघायच्या दहा चौकोनांच्या स्ट्रिप्सची डबी येते. डबी उघडण्याआधी पाणी मोजा. सकाळी मोजून ठेवा, चोवीस तासांनी उरलेलं वजा करा, असं तीन दिवस. किलोमागे १०० मिलिच्या वर, म्हणजे ३० किलोच्या लॅब्राडॉरला रोज ३ लिटरच्या वर लागत असेल, तर तहान खरोखर वाढलेली आहे. जमिनीवर लघवी होते म्हणून पाणी मात्र तोडायचं नाही. किडनीचा त्रास असेल तर ते जिवावर बेततं.

नमुना सकाळचा पहिला, मधल्या धारेचा. मादीसाठी लांब दांड्याची पळी सोयीची. अर्ध्या तासात तपासा.

ग्लुकोजच्या चौकोनासाठी ही डबी घ्यावीच. रक्तातली साखर साधारण १८० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर गेली की ती लघवीत उतरते. सोबत कीटोनही (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) दिसले आणि कुत्रा उलट्या करत मलूल पडला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

विशिष्ट गुरुत्वाचा, म्हणजे लघवी पाण्याच्या तुलनेत किती घट्ट ते सांगणारा चौकोन मात्र निव्वळ फसवा. या तपासणीत सगळ्यात मोलाचा आकडा हाच, आणि कुत्र्यांत स्ट्रिप तो धड सांगत नाही. त्याऐवजी रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून घट्टपणा मोजणारं छोटं यंत्र) घ्या: डिस्टिल्ड वॉटरने १.००० वर आणा, मग लघवीचे एक-दोन थेंब. १.०३० च्या वर आलं तर किडनी लघवी घट्ट करू शकते. वारंवार १.००८ ते १.०१२ आलं तर किडनीची रक्ततपासणी हवी. त्याहून पातळ असेल तर कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार), डायबिटीस इन्सिपिडस (साखरेशी संबंध नसलेला, किडनी पाणी धरून न ठेवण्याचा आजार), रक्तात वाढलेलं कॅल्शियम यांकडे बघावं लागतं. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी तेच कारण धरा.

प्रोटीनचा चौकोन विशिष्ट गुरुत्वाच्या आकड्याशिवाय वाचू नये. पातळ लघवीत हलकी खूणही महत्त्वाची असते. नरांच्या घट्ट लघवीत थोडं बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं रंगद्रव्य) चालतं. पांढऱ्या पेशी, नायट्राइट, युरोबिलिनोजेन हे तीन चौकोन कुत्र्यांत सरळ सोडून द्या.

आणि पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू होणं, स्ट्रिपवर दिसत नाही. नसबंदीचं ऑपरेशन न झालेली मादी हीटनंतर महिना-दोन महिन्यांत पाणी ढोसू लागली, तर स्ट्रिप राहू द्या, सोनोग्राफी करा.

डबीचं झाकण लगेच लावा, फ्रिजमध्ये ठेवू नका. पावसाळ्यात ओल लागून चौकोनांचे रंग आधीच बदलतात. तशा स्ट्रिप्स फेकून द्या.