वेग-अंतर-वेळेची उदाहरणं: 'क्ष मानू' की गुणोत्तर?

सूत्र सगळ्यांनाच पाठ असतं. अडतं ते उदाहरण वाचून झाल्यावर पहिली ओळ काय लिहायची तिथे. 'अंतर क्ष मानू' म्हणून समीकरण मांडायचं, की वेगांचं गुणोत्तर घेऊन थेट वेळेवर जायचं? दोन्ही रीती मी भरपूर वापरल्या आहेत आणि दोन्ही बरोबरच उत्तर देतात.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. ताशी ४० किमी वेगाने गेलं तर १० मिनिटं उशीर होतो, ताशी ५० ने गेलं तर ५ मिनिटं आधी पोचतो. अंतर किती?

समीकरणाने क्ष/४० − क्ष/५० = १५/६०. लसावि २००, म्हणून क्ष/२०० = १/४, अंतर ५० किमी. सरळ आहे. पण ठरलेली वेळ क्ष मानली, तर ४०(क्ष + १/६) = ५०(क्ष − १/१२) असं काहीतरी समोर येतं. मला समीकरणाचा कंटाळा आला तो इथे. वेग ताशी आणि उशीर मिनिटांत, म्हणून प्रत्येक वेळी ६० ने भागा, अपूर्णांक सांभाळा, शेवटी उत्तराची पुन्हा मिनिटं करा. गणिताचा विचार ओळीभराचा आणि एककांची हमाली पानभर. शिकवतानाही मला मुलं बहुतेक इथेच घसरताना दिसली. रीत त्यांना नीट कळलेली असायची.

गुणोत्तरात मिनिटं मिनिटंच राहतात. वेग ४ : ५, अंतर तेच, म्हणून वेळ ५ : ४. एका भागाचा फरक म्हणजे १५ मिनिटं. एक वेळ ७५ मिनिटं, दुसरा ६०. ताशी ५० ने तासभर, म्हणजे ५० किमी. झालं.

'नेहमीच्या वेगाच्या ३/४ वेगाने गेल्यास २० मिनिटं उशीर होतो, नेहमीचा वेळ किती?' यात तर वेगही दिलेला नाही आणि अंतरही नाही. समीकरणात दोन्ही मानायची आणि दोन्ही कापायची. गुणोत्तराने वेळ ४/३ पट होतो, वाढलेला १/३ म्हणजे २० मिनिटं, नेहमीचा वेळ तासभर.

अर्थात गुणोत्तर सगळीकडे पुरत नाही. '३६० किमीच्या प्रवासात वेग ताशी ६ किमीने वाढवला तर २ तास वाचतात' असं असेल, तर वेगांतला फरक कळतो, गुणोत्तर नाही. तिथे मी मुकाट्याने ३६०/क्ष − ३६०/(क्ष + ६) = २ मांडतो. वर्गसमीकरण येतं, −३६ सोडून द्यायचं, वेग ताशी ३०. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतील तरीही समीकरण लिहिलेलं बरं. तपासणाऱ्याला वाट दिसते.

ज्यांचा हात बीजगणितात चांगला बसला आहे, त्यांनी रीत बदलावीच असं मी म्हणणार नाही. पण अजून ठरत नसेल, तर आधी एवढंच बघा: दोन्ही बाजूंना अंतर समान आहे की वेळ? अंतर समान असेल तर वेळ वेगाच्या व्यस्त प्रमाणात. वेळ समान असेल तर अंतर वेगाच्या सम प्रमाणात; ३०० किमीवरून एकमेकींकडे एकाच वेळी निघालेल्या ताशी ४० आणि ६० च्या गाड्या १२० आणि १८० किमीवर भेटणार, हे क्ष न लिहिताच दिसतं. दोन्हींतलं काहीच समान नसेल, किंवा गुणोत्तर हाती लागत नसेल, तेव्हा क्ष आहेच.