उभ्या शॉक ट्यूबसोबत आठ महिने

आमच्या लॅबमध्ये उभी शॉक ट्यूब बसवून आठ महिने झाले. शॉक म्हणजे आवाजापेक्षा वेगाने धावणारी दाबाची लाट, आणि ती दोन वायूंच्या सीमेवर आदळली की तिथल्या बारीक लाटा कशा वाढतात हे आम्ही या नळीत बघतो. तीनशेच्या आसपास शॉट मारून झाले. अशी ट्यूब बांधायचा विचार करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

नळी चौकोनी आहे, आतून 90 मिलिमीटर रुंद. वरच्या टोकाला दाबाची कोठी आणि तिच्या तोंडावर मायलरचा, म्हणजे पातळ प्लास्टिकचा पडदा. नळीत वर साधी हवा, खाली सल्फर हेक्साफ्लोराइड. हा वायू हवेच्या पाचपट जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो. पडदा फुटला की शॉक खाली सुटतो आणि दोन वायूंच्या सीमेवर आदळतो. पुढचं सगळं पाच मिलिसेकंदांच्या आत उरकतं.

शॉक म्हटलं की प्रचंड दाब लागत असेल असं लोकांना वाटतं. मॅक 1.2 चा, म्हणजे आवाजाच्या 1.2 पट वेगाचा शॉक काढायला कोठीत वातावरणाच्या जेमतेम 2.4 पट दाब पुरतो. कारच्या टायरमध्ये याहून जास्त हवा असते. तेवढ्यावर शॉक सेकंदाला 415 मीटरच्या वेगाने धावतो. आवाज मात्र फटाक्याच्या माळेसारखा नाही, एकच आणि कान बसवणारा. कान झाकल्याशिवाय कुणालाही जवळ उभं राहू देऊ नका.

खरा कस लागतो तो सीमेवर. पहिले तीन महिने आम्ही दोन वायूंच्या मध्ये नायट्रोसेल्युलोजचा पातळ पापुद्रा लावत होतो. शॉक येताच त्याच्या चिंध्या होत, प्रत्येक चित्रात ते कपटे पांढरे चमकत आणि वायू त्यांच्यामागे ओढला जाई. सीमेवरच्या लाटेची मोजलेली वाढ हिशोबापेक्षा कमी यायची. या वाढीचा सिद्धांत अमेरिकन शास्त्रज्ञ रिश्टमायर यांनी 1960 मध्ये मांडला, 1969 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मेश्कॉव्ह यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. मेश्कॉव्ह यांनीही पापुद्राच वापरला होता आणि त्यांचीही वाढ सूत्रापेक्षा कमी आली होती. हे वाचलं तेव्हा धीर आला आणि पापुद्रा सोडायचं ठरवलं.

आता हवा वरून सोडतो, जड वायू खालून. दोन्ही जिथे भेटतात तिथल्या बारीक फटींतून बाहेर पडत राहतात, त्यामुळे मधे स्वच्छ, सपाट सीमा तयार होते. मग मोटरने नळीला आडवे हेलकावे द्यायचे, सेकंदाला चारेक. बादलीतलं पाणी हिंदकळावं तशी सीमा हिंदकळते आणि 60 मिलिमीटर लांबीची लाट उठते. अगदी योग्य क्षणी पडदा फोडायचा. हे जमायला आम्हाला सहा आठवडे लागले. हवेत अगरबत्तीचा धूर सोडतो, लेझरच्या प्रकाशाचा पातळ पट्टा पाडतो आणि सेकंदाला 6000 चित्रं टिपतो.

त्या चित्रांसाठी सगळा खटाटोप सार्थकी लागतो. शॉक गेल्यानंतरच्या पहिल्या चित्रात लाट उलट चपटी दिसते, कारण शॉकने तिला दाबलेलं असतं. मग ती वाढू लागते. शॉकचा दाब सरळ खाली ढकलतो, पण सीमा तिरकी असते तिथे घनता बदलण्याची दिशा वेगळी असते. या दोन दिशा जुळत नाहीत म्हणून वायूला पीळ बसतो. एका बाजूला डावीकडे, दुसऱ्या बाजूला उजवीकडे. जड वायू बोटासारखा हवेत घुसतो, टोकाला दोन्हीकडून गुंडाळला जातो आणि अळंबीची छत्री उमलते. सीमा स्वतः सेकंदाला सत्तरेक मीटरने खाली पळत असते आणि दोन मिलिमीटर उंचीची लाट सुरुवातीला सेकंदाला सातेक मीटरच्या वेगाने वाढते.

तळावर आपटून परतलेला शॉक चार-साडेचार मिलिसेकंदांनी सीमेला पुन्हा भिडतो. क्षणात छत्र्या विस्कटतात आणि धूर गढूळ होतो. वायू खरे मिसळतात ते इथे. पहिला शॉक फक्त सीमा ताणून, गुंडाळून तिची लांबी वाढवतो. आमचे लॅबमधले मामा पहिल्यांदा पडद्यावर बघून म्हणाले, "ताई, आधी फुलं उमलली आणि मग कुणीतरी घुसळलं की हो!" मला याहून नेमकं वर्णन सुचलेलं नाही.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. खिडक्यांच्या काचा एका पुरवठादाराने सांगितल्यापेक्षा पातळ दिल्या, दोन तडकल्या आणि महिना वाया गेला. पावसाळ्यात मोटरचा पट्टा घसरायचा, हेलकावे बिघडायचे. सर्वात गंभीर गोष्ट वायूची. सल्फर हेक्साफ्लोराइडची वातावरण तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक आहे. फटींतून निघालेला वायू गोळा करायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. तो जमिनीलगत साचतो आणि श्वासातला ऑक्सिजन बाजूला सारतो, म्हणून ऑक्सिजन मोजणारं यंत्रही खाली, गुडघ्याच्या उंचीवर लावा.

डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत, म्हणजे लेझरने इंधनाची गोळी दाबून अणू एकत्र जोडणाऱ्या प्रयोगशाळेत, 2.05 मेगाज्यूल लेझर ऊर्जेतून 3.15 मेगाज्यूल बाहेर आली. तिथल्या बारीक गोळीच्या पृष्ठभागावरचे उंचवटे हीसुद्धा शॉकखाली वाढणारी सीमाच. कवचाचा पदार्थ इंधनात मिसळला तर इंधन थंडावतं. 1987 च्या सुपरनोव्हात, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटात, आतलं कोबाल्ट अपेक्षेपेक्षा लवकर बाहेरच्या थरांत पोचलं, त्यामागेही असंच मिसळणं होतं. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण सीमेवरची दोन मिलिमीटरची सुरकुती शॉकनंतर काय करते हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्या गोळीच्या गुळगुळीतपणावर इतकी मेहनत का घेतात ते कळलं.

पैसे मोजकेच असतील तर ते कॅमेऱ्यावर नाही, सीमा घडवण्याच्या यंत्रणेवर घाला. कॅमेरा भाड्याने मिळतो. पुढच्या महिन्यात आम्ही दिशा बदलून शॉक जडातून हलक्यात सोडणार आहोत. जड वायू वर ठरत नाही, त्यामुळे नळी उलटी करून शॉक खालून द्यावा लागेल. तिथे लाट आधी सपाट होते आणि मग उलट्या बाजूने वाढते. ते पाहायची मला फार उत्सुकता आहे.