टॅक्स क्रेडिटची बिल्डिंग की व्हाउचर?

अमेरिकेतल्या शहरात कमी पगारात घर शोधणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात: टॅक्स क्रेडिटच्या, म्हणजे करसवलतीतून बांधलेल्या, नव्या बिल्डिंगमध्ये अर्ज भर, आणि सेक्शन एटच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या भाडेमदतीच्या, व्हाउचरसाठी नाव नोंदव. दोन्हींना ‘परवडणारं घर’ म्हणतात, पण भाडं ठरवायची रीत अगदी वेगळी आहे. म्हाडाच्या लॉटरीचा विचार आधी डोक्यातून काढा. इथे घर नावावर होत नाही, भाड्यानेच राहायचं असतं.

टॅक्स क्रेडिटची योजना १९८६ च्या करसुधारणा कायद्यातून आली. तिच्यात भाडेकरूच्या हातात सरकार काहीच देत नाही. राज्याची गृहवित्त संस्था बिल्डरला क्रेडिट देते, बिल्डर त्यावर बँका-कंपन्यांकडून भांडवल उभं करतो आणि त्या गुंतवणूकदारांचा कर दहा वर्षं कमी होतो. बदल्यात भाड्याला मर्यादा येते. ही मर्यादा तुमच्या पगारावरून ठरत नाही, सगळ्या महानगराच्या मध्यम उत्पन्नावरून ठरते. घोळ इथेच आहे.

समजा, तिघांच्या कुटुंबासाठी ६० टक्क्यांची (म्हणजे या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्के) उत्पन्नमर्यादा वर्षाला ६०,००० डॉलर आहे. दोन बेडरूमच्या घराचं भाडं, वीज-गॅसचा ठरलेला खर्च धरून, महिना १,५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतं. तुम्ही ५७,००० कमावत असाल तर हे पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसतं. ३६,००० कमावत असाल तर निम्मा पगार घरातच गेला. व्हाउचर असतं तर साधारण ३० टक्के, म्हणजे ९०० डॉलरच्या आसपास तुम्ही भरले असते. उरलेलं, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, सरकार घरमालकाला देतं.

गरीब वस्तीत आणखी एक गंमत होते. अशा वस्तीत बांधलं तर क्रेडिट मोजताना बिल्डरला ३० टक्क्यांपर्यंत जास्त खर्च धरता येतो, म्हणून बिल्डिंगा तिथेच जास्त उभ्या राहतात. भाड्याची मर्यादा मात्र श्रीमंत उपनगरांचे पगार धरून निघते. त्यामुळे क्लीव्हलँड किंवा डेट्रॉईटसारख्या शहरात शेजारच्या जुन्या घराचं बाजारभावाचं भाडं कित्येकदा जवळपास तेवढंच असतं. मग टॅक्स क्रेडिटचं घर कशाला? लहान मुलं असतील तर माझं मत तरीही त्याच बाजूने. १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो, शिवाय टॅक्स क्रेडिटच्या घरातून सबळ कारणाशिवाय बाहेर काढता येत नाही.

नोकरीचा भरवसा नसेल तर व्हाउचर. काम सुटलं की तुमचा हिस्सा कमी होतो. टॅक्स क्रेडिटचं भाडं तसंच राहतं, उलट महानगराचं मध्यम उत्पन्न वाढलं तर वाढूही शकतं. पगार चढता असेल तर उलटा हिशेब. व्हाउचरमध्ये तुमचा हिस्सा वाढत जातो. टॅक्स क्रेडिटमध्ये राहायला आल्यावर पगार वाढला म्हणून घर जात नाही.

पण व्हाउचर मिळतंय कुठे? पात्र कुटुंबांपैकी साधारण चारातल्या एकालाच केंद्राची भाडेमदत पोचते, आणि याद्या वर्षानुवर्षं बंद असतात. मिळालंच तरी घर शोधायला मुदत असते, सुरुवातीला किमान ६० दिवसांची. न्यू जर्सीमध्ये व्हाउचर आहे म्हणून घरमालक नाकारू शकत नाही. टेक्ससमध्ये बहुतेक घरमालक नाकारू शकतात. टॅक्स क्रेडिटच्या बिल्डिंगला मात्र कोणत्याही राज्यात व्हाउचरवाल्याला केवळ त्या कारणाने परत पाठवता येत नाही. म्हणून दोन्हीकडे अर्ज करा. एकत्र जमलं तर त्याहून चांगलं काही नाही.

आपल्या मंडळींसाठी दोन गोष्टी. व्हाउचरसाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डसारखा ठरावीक दर्जा लागतो, एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा चालत नाही. टॅक्स क्रेडिटच्या केंद्रीय कायद्यात अशी अट नाही, पण त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या योजनेचा पैसा असेल तर येऊ शकते. आणि घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर टॅक्स क्रेडिटचं घर काही अपवाद सोडल्यास मिळत नाही. चार मित्रांनी मिळून घ्यायचा बेत इथेच संपतो.

मॅनेजरच्या ऑफिसात फोन कराल तेव्हा विचारा, रिकामं घर किती टक्क्यांचं आहे? एकाच मजल्यावर ३०, ५० आणि ६० टक्क्यांची घरं असू शकतात आणि भाड्यात खूप फरक पडतो. दुसरं, भाड्याची मर्यादा कोणत्या वर्षी संपते? केंद्राचा नियम साधारण ३० वर्षांचा, कॅलिफोर्नियात बहुधा ५५. पण काही राज्यांत मालक पंधराव्या वर्षानंतर बाहेर पडायची वाट शोधू शकतो. बिल्डिंग १९९० च्या दशकातली असेल तर हे उत्तर लेखी घ्या.